जुन्या गाडीला ट्रकचा हॉर्न

...आणि वर मलाच सांगतात, ओरडू नका! अहो, मी? मी ओरडतो? अख्खी नोकरी वाचनालयात गेली माझी, 'शांतता राखा' या पाटीच्या बरोब्बर खाली माझं टेबल, आणि पाटीपेक्षा मी जास्त शांत, म्हणजे लोक आधी पाटी वाचायचे आणि मग माझ्याकडे बघून खात्री करून घ्यायचे! आणि आज हे घशाचे डॉक्टर मला, मला म्हणतात, "काका, आवाजाचा अतिवापर झालाय, काही दिवस तोंड बंद ठेवा." तोंड बंद! जे तोंड मी जन्मात धड उघडलं नाही ते बंद काय ठेवू? बरं, मला तपासून परत बाहेर बसवलंय, औषध लिहून द्यायला पुन्हा बोलावणार आहेत; तुम्हीही नंबर लावूनच बसलाय ना? मग ऐका. थोडक्यात सांगतो, मला बोलायचं नाहीये. आणि आतून डॉक्टरांनी विचारलंच की हे बोलत होते का, तर तुम्ही आपले वर पंख्याकडे बघा.

तुम्हाला सांगतो, मला फक्त हॉर्न बसवायचा होता हो. एवढंच! दुसरं काही मागितलं नव्हतं मी कुणाकडे.

गाडी माझी जुनी फटफटी. जुनी म्हणजे किती, तर घेतली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते आणि ते वाऱ्यावर उडायचे. हल्ली कुठे उभी केली की तरुण पोरं भोवती गोळा होतात आणि विचारतात, "काका, ही पेट्रोलवरच चालते ना?" नाही रे बाबा, चारा घालतो मी तिला! इंजिनाचा धडधडाट असा की मला माझेच विचार ऐकू येत नाहीत. आता हिला हॉर्न होता. कारखान्यातून आलेला, वाटीएवढा, पुढच्या चाकाच्या वर. त्याचा आवाज म्हणे प्यँ असा यायचा. म्हणे म्हणतो, कारण मला तो कधी ऐकू आलाच नाही, आणि मला त्याची गरजही पडली नाही, कारण माझ्या गाडीचं कसं होतं, की बटण दाबलं की आवाज मागून यायचा.

मागून म्हणजे? मागून म्हणजे मागच्या सीटवरून! आमची ही!

ही कापडाच्या गिरणीत कामाला होती. मागांच्या शेडमध्ये. तिथे एका वेळी शेकडो माग खडखडत असतात, शेजारी उभ्या असलेल्या बाईला "चहा घेतेस का" विचारायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं, आणि मग तो आवाज तिथे ठेवून थोडंच घरी येता येतं? तो आला बरोबर. हिची कुजबुज तिसऱ्या घरात ऐकू जायची. लग्न झाल्यावर पहिल्यांदा माझा डबा घेऊन वाचनालयात आली आणि दारातूनच म्हणाली, "अहो, विसरलात ना?" तर पेपर वाचणारे सगळे म्हातारे एकदम उठून उभे राहिले, कारण प्रत्येकाला वाटलं आपणच काहीतरी विसरलो!

तर गाडीवर ही मागे, एका बाजूला पाय सोडून. डाव्या बाजूला एक लांब पायपट्टी असते बघा, रबर लावलेली, तशा बसणाऱ्यांसाठी, तिच्यावर पाय टेकून. मी बटण दाबायचो, आणि दाबताना माझा डावा खांदा जरासा हलायचा, आणि तो हलला की हिला कळायचं, आणि मग... "ओ टोपीवाले! डावीकडे, डावीकडे!" "ओ ताई, फोन पळून जात नाही, तुम्ही सरका!" "ए निळा शर्ट, बूट बघून चाललायस का रस्ता बघून?" "आजोबा, सावकाश हं, सावकाश, आम्ही थांबलोय!" अहो, नुसतं ओरडणं नव्हतं ते. माणूस बघून, त्याचं काय चाललंय ते बघून, त्याला लागू पडेल असं! आणि लोक सरकायचे, वळून बघायचे, हसायचे. कोपऱ्यावर तो किल्लीवाला बसतो, किल्ल्या करून देणारा, दिवसभर मांडी घालून घालून पाय आखडतात बिचाऱ्याचे म्हणून तंगड्या रस्त्यात पसरून बसलेला असतो, त्याला तर रोज, "ओ किल्लीवाले, पाय आत घ्या, आम्ही आलो!" आणि तो पाय आत घेऊन नमस्कार करायचा. मला नाही, तिला.

आणि मी? मी पुढे मान खाली घालून. लाज वाटायची हो. वाचनालयातला माणूस मी! मी म्हणायचो, "अगं हळू." ती म्हणायची, "काय? ऐकू नाही आलं, मोठ्यानं बोला!"

...हो हो बाई, हळू बोलतो. बघितलंत? ती काउंटरवरची मुलगी ओठांवर बोट ठेवते. अहो, ते बोट मी ठेवायचो लोकांना! काय दिवस आलेत.

तर ही गेली. मागच्या थंडीत. आजार फार लांबला नाही, पण शेवटी शेवटी आवाज गेला होता तिचा. एवढ्या आवाजाची बाई, आणि नुसते ओठ हलायचे, आणि मी कान अगदी तोंडाशी नेऊन बसायचो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिला म्हणालो, "जरा मोठ्यानं बोल ना गं..." 

असो.

नंतर बरेच दिवस गाडी जिन्याखाली झाकून ठेवली होती. मग एकदा काढली. म्हटलं, जरा चक्कर मारून येऊ, पेट्रोल नासतं पडून पडून. निघालो. बरं चाललं होतं. मंडईच्या वळणावर एक माणूस गादी डोक्यावर घेऊन चाललेला, दुहेरी गादी, त्याला पुढचंही दिसत नव्हतं आणि मागचंही, आणि तो बरोब्बर रस्त्याच्या मधोमध. मी बटण दाबलं. आता तुम्हाला खरं सांगू? मी बटण दाबलं आणि वाट बघितली. कशाची वाट बघत होतो मी? ब्रेक माझ्या पायाखाली होता, हँडल माझ्या हातात होतं, आणि मी आपला मागून आवाज कधी येतो याची वाट बघत होतो! परत दाबलं, खांदाही चांगला हलवला, म्हटलं कळलं नसेल तिला...

गेलो गादीत! गादीत गेलो म्हणून वाचलो म्हणा. गादी खाली, गादीवाला गादीवर, मी गादीवाल्यावर आणि गाडी बाजूला पडून धडधडतेय. तो मला म्हणतो, "काका, हॉर्न नाही का तुम्हाला?" म्हटलं, होता रे.

झालं, बातमी मुलीपर्यंत पोचली. मुलगी खालच्याच गल्लीत राहते. तिचा आवाज माझ्यावर गेलाय, त्यामुळे ती रागावली की अजूनच हळू बोलते, आणि ते फार भयंकर असतं. माझ्या कोपराला पट्टी बांधता बांधता म्हणाली, "बाबा, एक तर गाडीला धड हॉर्न बसवा, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा, नाहीतर गाडी विकायची. मला आई एकच होती, आणि आता बाबाही एकच आहेत." आणि गाडी विकायची? अहो, गाडी विकली की मागची सीटही जाणार ना तिच्याबरोबर! तेवढी काढून ठेवता येत नाही. म्हणून मला फक्त हॉर्न बसवायचा होता हो.

गेलो मेकॅनिककडे. नाव त्याचं वेगळं आहे, पण आम्ही त्याला दहाबारा म्हणतो, कारण गाडीचं दुखणं कुठलंही असो, तो हात लांब करून दहा-बारा नंबरचाच पाना मागतो. माझ्याच वयाचा. गाडी घेतल्यापासून तोच बघतो. त्याला म्हटलं, मोठ्या आवाजाचा हॉर्न बसव. त्यानं हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "भाऊ, किती मोठा?" मी म्हटलं, गादीतून ऐकू गेला पाहिजे.

मग त्यानं काढला ट्रकचा हॉर्न! दोन भोंगे, एक माझ्या हाताएवढा, एक त्याहून थोडा लहान, खाली हवेचा पंप. म्हणाला, "भाऊ, तुमच्या गाडीची बॅटरी म्हातारी. हिच्यावर हा हॉर्न कण्हणारसुद्धा नाही. याला वेगळी बॅटरी लागेल, बॅटरीला पेटी लागेल, पेटीला जागा लागेल." त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, डाव्या बाजूला येऊन थांबला, आणि पाना हातात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मागे आता... कोणी बसत नाही ना?"

मी म्हटलं, नाही. खरंच तर होतं! विचारलं त्यानं, सांगितलं मी. तो पेटीच्या जागेचं विचारतोय हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. मी आपला समोरच्या टपरीवर जाऊन चहा घेत बसलो, आणि परत आलो तर गाडी तयार!

आणि आवाज? अहो आवाज! पहिल्यांदा दाबलं, तर दहाबाराच्या हातातला पाना खाली पडला, आणि पत्र्यावरची सगळी कबुतरं गेली ती परत आलीच नाहीत. रस्त्याला लागलो. शिंप्याच्या दुकानासमोर दाबलं, आतून त्याचा आवाज आला, "गेली बाही!" बँकेच्या दारातल्या रखवालदारानं सलाम ठोकून फाटक उघडलं, त्याला वाटलं पैशांची गाडी आली. मी आत जाऊन बाहेर आलो, आता काय करणार, एवढं उघडलंय त्यानं! आणि कळस म्हणजे माझं वाचनालय. माझ्याच वाचनालयासमोर एक कुत्रं आडवं आलं, मी दाबलं, आणि खिडकीत माझ्या जागेवरची नवी बाई आली आणि तिनं माझ्याकडे बघून, असं, ओठांवर बोट! माझ्याकडे! तिला ते बोट ठेवायला शिकवलंय कुणी? मी!

पण रस्ता मोकळा व्हायला लागला, ते मात्र खरं. दाबलं की लोक दोन्हीकडे पळायचे. वळून कुणी बघायचं नाही. हसायचं तर नाहीच. टोपीवाला असो, निळा शर्ट असो, ताई असो, सगळ्यांना एकच, भँऽऽऽ! मुलगी खूश झाली. हळू आवाजात म्हणाली, "आता कसं बरं वाटतं." मी म्हटलं, हो, मलाही. खोटं बोललो. डोकं दुखायचं माझं.

आणि मग तो किल्लीवाला. काही कारण नव्हतं हो! पाय पसरून बसला होता नेहमीसारखा, मी कोपऱ्यावर आलो आणि बटण दाबलं, सवयीनं. भँऽऽऽ! तो असा दचकला, असा दचकला की हातातली कुणाची तरी नवी केलेली किल्ली उडाली आणि गेली थेट गटारात. छातीवर हात ठेवून बसला बिचारा. मला वाटलं आता आई-बहीण काढणार माझी. मी गाडी थांबवली, माफी मागितली. तो काही रागावला नाही. श्वास जागेवर आल्यावर एवढंच म्हणाला, "काका, वहिनींनी नुसतं 'किल्लीवाले' म्हटलं की मी पाय आत घेत होतो. इतक्या वर्षांत त्यांच्या ओरडण्यानं कधी छातीत धडकी नाही भरली बघा." आणि असं म्हणून तो खाली वाकून गाडीच्या डाव्या बाजूला बघायला लागला. म्हणाला, "पायपट्टी कुठे गेली हो त्यांची?"

मी बघितलं. तिथे पेटी. काळी, लोखंडी, चार नटांवर घट्ट बसवलेली पेटी. इतके दिवस मी त्या गाडीवर बसतोय, उजव्या बाजूनं चढतोय, उजव्या बाजूनं उतरतोय, कारण डावी बाजू तिची, आणि मला माझ्याच गाडीवर तिचे पाय ठेवायची जागा गेलेली दिसली नाही! काय म्हणावं अशा माणसाला?

तशीच वळवली गाडी. हॉर्न न वाजवता, पाय घासत, थांबत थांबत गेलो. दहाबाराला म्हटलं, पायपट्टी कुठाय? तो म्हणाला, "कुठली?" मी ओरडलो. अहो मी! त्याच्या गॅरेजमध्ये! "माझ्या बायकोची पायपट्टी कुठाय!" सगळं गॅरेज थांबलं. एक माणूस पंक्चर काढत होता, त्याचा हात तसाच पाण्यात.

भंगाराच्या डब्यात होती. आम्ही दोघं म्हातारे गुडघे टेकून तो डबा उपसत बसलो, घासलेल्या चेन, तुटके आरसे, कुणाकुणाचे ब्रेक, आणि सगळ्यात खाली ती सापडली. रबर एका टोकाला पार गुळगुळीत झालेलं. तिथे तिची टाच यायची. ओरडायच्या आधी ती टाच दाबून जरा उंच व्हायची ना, तिथे.

दहाबारा पेटी काढायला बसला. काढता काढता म्हणाला, "भाऊ, एक सांगू? रागावू नका." मी म्हटलं, आता काय राहिलंय रागवायचं. तर म्हणाला, "तुमच्या जुन्या हॉर्नला वायरच नव्हती." म्हणजे? "म्हणजे तुटली होती, फार वर्षांपूर्वी. मी जोडायला घेतली होती. तुम्ही तेव्हा पलीकडे पेपर वाचत उभे होतात. वहिनी म्हणाल्या, नका जोडू." का? तर हा दहाबारा, पाना खाली ठेवून, हुबेहूब तिच्या आवाजात, सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणतो, "राहू द्या हो! घरी यांना पुस्तक लागतं, वाचनालयात शांतता लागते. गाडीवर तेवढी मी लागते. राहू द्या तसंच."

ऐकलंत? म्हणजे मी इतकी वर्षं बटण दाबत होतो ते कशाला जोडलेलंच नव्हतं! तो प्यँसुद्धा नव्हता! मी दाबायचो आणि ही वाजायची! आणि तिला माहीत होतं, आणि ती मागे बसून खुशाल वाजत होती, आणि त्यात तिला सुख होतं हो... आणि मी काय म्हणत होतो? अगं हळू.

हसलो मी. खरंच हसलो, तिथेच, भंगाराच्या डब्याशेजारी बसून. मग रडलो. पंक्चरवाल्यानं मला त्याचा फडका दिला, त्यानं तोंड पुसलं तर सगळं ग्रीस तोंडाला. दहाबारा म्हणाला, "भाऊ, वायर जोडून देऊ? जुनाच हॉर्न चालेल तुमचा. दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, खबरदार. हात लावायचा नाही त्या वायरीला. पायपट्टी तेवढी बसव.

आता पंचाईत बघा. हॉर्न नाही तर गाडी विकायची, हे मुलीचं ठरलेलं. आणि गाडीला आता हॉर्न नाही. मग आवाज कोणी करायचा? राहिलं कोण? मी!

पहिल्या दिवशी काय झालं सांगू? समोर एक बाई रस्त्याच्या मधून चालली होती. मी म्हटलं, "कृपया... जरा बाजूला..." वाचनालयातला आवाज! ती थांबली, मागे आली, गाडीजवळ कान आणून म्हणाली, "काय म्हणालात काका?" ती बाजूला व्हायची ती आणखी जवळ आली! दुसऱ्याला म्हटलं, "माफ करा हं," तर तो म्हणाला, "केलं," आणि तिथेच उभा! मग मला कळलं, असं नाही चालत. माणूस बघावा लागतो. मग मी नीट बघितलं, पायपट्टीकडे एकदा नजर टाकली, पोटात हवा भरली, आणि... "ओ लाल पिशवी! डावीकडे, डावीकडे!"

सरकली हो! लाल पिशवी सरकली, वळून बघितलं, आणि हसली! आणि मग मी सुटलोच. "ओ छत्रीवाले!" "ए जोडी, भांडण घरी करा!" "आजोबा, सावकाश, मी थांबलोय!" मी स्वतः आजोबा, पण असू दे. कोपऱ्यावर आलो, "ओ किल्लीवाले, पाय आत घ्या, आम्ही आलो!" आम्ही म्हणालो मी. तोंडातून गेलं. त्यानं पाय आत घेतले, उभा राहिला आणि नमस्कार केला. या वेळीही मला नाही, माझ्या मागे बघून केला.

तर असा घसा गेला. गिरणीतला घसा नाही ना हा, पुस्तकातला घसा! चार चौकांत संपला. मुलीनं बळेबळे इथे पाठवलं, तिला वाटतं मला सर्दी झालीय. आणि डॉक्टर म्हणाले, बोलू नका. मी कागदावर लिहून विचारलं, गाडी चालवली तर चालेल का? तर म्हणाले, "खुशाल चालवा, फक्त तोंड बंद." अहो, मला फक्त हॉर्न बसवायचा होता, आणि आता मीच हॉर्न झालोय, आणि तोही बिघडलेला! तोंड बंद ठेवून ही गाडी चालत नाही, हे त्यांना कसं समजावू? त्यांच्या कुठल्या पुस्तकात आहे हे?

आलो, आलो बाई, माझाच नंबर ना... एक मिनिट. तुमच्यापैकी कोणी मंडईकडे जाणार आहे का? नाही, म्हटलं, गाडी खालीच आहे. मागची सीट रिकामी आहे. पाय ठेवायला चांगली पट्टीही आहे, रबर जरा गुळगुळीत झालंय, पण बसेल पाय. काही करायचं नाही, माझा खांदा हलला की पुढे जो कोणी असेल त्याला हाक मारायची. बस. येतं कुणी?

...काय म्हणालात?

...काय?

नको. राहू द्या. तुम्ही सगळेच फार हळू बोलता.